पावाचें यंत्र घ्यावें काय?

गेल्या फाल्गुनांत आमच्या घरीं एक प्रश्न निघाला. पाव भाजण्याचें विजेचें यंत्र विकत घ्यावें कीं न घ्यावें, हा तो प्रश्न होय. सुज्ञ वाचकांना तो क्षुल्लक वाटेल. आम्हांलाही प्रथम तसाच वाटला. परंतु त्याचा निकाल लावतां लावतां आमच्या चाळीस वर्षांच्या संसाराच्या हिशेबांत एक ढोबळ चूक सांपडली. ज्यानें उभा जन्म मुलांच्या वह्यांतील चुका तांबड्या शाईनें दाखविण्यांत घालविला, त्याच्या स्वतःच्या वहींत अशी चूक निघावी ही लाजेची गोष्ट खरी. तरी ती सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं.

आमच्या घरीं जेवणाला नऊ पानें मांडावीं लागतात. आम्ही उभयतां, आमच्या वडील भगिनी आक्का, दोन चिरंजीव, दोन सुना आणि दोन नातवंडें. नातवंडांच्या डब्यांत आठवड्यांतून दोन-तीन वेळां पाव जातो. प्रश्न काढला तो धाकट्या सूनबाईनें. तिचें म्हणणें असें कीं, बाजारच्या पावांत काय असतें हें आपणांस कळत नाहीं. २०१६ सालीं दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेनें बाजारांतील पाव तपासून पाहिले, तेव्हां बहुतेक नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट यांचा अंश निघाला, आणि त्याच वर्षीं सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें ब्रोमेट वापरण्यास बंदी केली.

"बंदी झाली हें खरें, मामंजी," सूनबाई म्हणाली, "पण तपकिरी पाव म्हणून आपण जो आणतों, त्यांत गव्हाचें पीठ किती आणि रंग किती, हें वेष्टन वाचल्याखेरीज कसें कळणार?" वेष्टन आणून चष्मा लावून वाचलें. पहिला शब्द मैदा हाच होता, आणि शेवटीं शेवटीं कॅरॅमल रंगाचा उल्लेख होता. आम्ही निरुत्तर झालों.

आक्कांचा आक्षेप निराळा होता. त्या ऐंशीच्या घरांत आहेत. विहिरींत पाव टाकला आणि सारा गांव बाटला, ही वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाणारी दंतकथा त्यांनीं आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा आणि पदार्थही त्यांच्याबरोबरच आलेला. तेव्हां आपल्यासारख्या घरांनीं त्याला पुष्कळ दिवस उंबऱ्याबाहेर ठेवलें यांत नवल नाहीं. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें पुढें आलीं, एवढ्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य झालें आणि प्रायश्चित्ताचा वाद माजला! आतां त्याच पुण्यांत बेकरीच्या दारांत रांग लावण्यांत आपलीच मंडळी पुढें असतात. आक्का स्वतः चहाबरोबर टोस्ट खातात. त्यांनीं विचारलें तें एवढेंच, कीं "त्या पिठांत यीस्ट म्हणून घालतात तें कशाचें असतें रे?"

आम्हीं सांगितलें कीं, यीस्ट ही एक सूक्ष्म, एकपेशीय बुरशी होय. ती पिठांतील साखर खाते व कार्बन डाय-ऑक्साइड वायु सोडते. त्या वायूनें पीठ फुगतें. ही विद्या आपल्यास नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणांत किण्व हा शब्द येतो, तो आंबवणाचाच वाचक आहे. गोव्याचे पोदेर पूर्वीं माडाची सूर घालून पावाचें पीठ फुगवीत असत. आपली इडली, आंबोळी आणि जिलबी यांचें पीठ तरी दुसरें काय करतें? आक्का क्षणभर विचार करून म्हणाल्या, "जिलबी चालते तर हेंही चालेल. पण सुरेचीं उदाहरणें मुलांपुढें देत जाऊं नकोस." आक्षेप मिटला.

आतां यंत्राचें स्वरूप सांगतों. एका पेटींत काढतां-घालतां येण्याजोगें एक भांडें असतें. त्याच्या तळाशीं फिरणारें एक पातें, भोंवतीं तापणारी तार, आणि वेळ व उष्णता सांभाळणारी कळ. पाणी, पीठ, मीठ, साखर, लोणी आणि यीस्ट मोजून घातलें म्हणजे पातें वीस-पंचवीस मिनिटें पीठ मळतें, मग स्वस्थ राहून तें फुगूं देतें, पुन्हां थोडें ढवळून वायु काढतें, पुन्हां फुगूं देतें, आणि अखेर त्याच भांड्यांत तासभर भाजून काढतें. सर्व मिळून साडेतीन-चार तास लागतात. माणसाचें काम आरंभीं दहा मिनिटें आणि शेवटीं पाव काढून भांडें धुण्याचें. तळाशीं पात्यामुळें एक भोंक पडतें. तें भूषण नव्हे, पण दोषही नव्हे.

या यंत्राच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. जपानांतील मात्सुशिता कंपनीनें तें १९८७ सालीं बाजारांत आणलें. पहिल्या पहिल्या नमुन्यांत पाव वरून करपे आणि आंत कच्चा राही. शास्त्रज्ञांनीं पिठाचीं क्ष-किरण चित्रेंसुद्धां काढून पाहिलीं. उपयोग झाला नाहीं. तेव्हां इकुको तानाका नांवाची कंपनींतील एक बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शागीर्द म्हणून राहिली. त्याच्या शेजारीं उभें राहून मळतां मळतां तिच्या ध्यानांत आलें कीं, हा मनुष्य पीठ नुसतें ताणीत नाहीं, ताणतांना त्याला पीळही देतो. तो पीळ साधावा म्हणून भांड्याच्या आंतल्या अंगाला उंचवटे बसविले, आणि मग पाव जमला. नोनाका आणि ताकेउची या दोघां जपानी पंडितांनीं १९९५ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत हा वृत्तांत आला आहे. एका माणसाच्या हातांतील कसब यंत्रांत उतरविण्यास इंजिनियरांना त्याच्या हाताखालीं उमेदवारी करावी लागली, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

इतकें समजून घेऊन आम्हीं वही काढली. नव्या यंत्राची किंमत दुकानदारानें ९,६०० रुपये सांगितली. एका पावास ४०० ग्रॅम पीठ लागतें, त्याचे २० रुपये. लोणी १२ रुपयांचें. यीस्ट ४ रुपयांचें. साखर, मीठ व दुधाची पूड ४ रुपयांची. आणि अर्ध्या युनिटाहून कमी वीज, तिचे ५ रुपये. एकूण ४५ रुपये. यांत सुमारे ६०० ग्रॅमचा पाव होतो. बेकरींतून तेवढ्याच वजनाचा गव्हाचा पाव आणावा तर आमच्या गांवीं ७५ रुपये पडतात. म्हणजे दर पावामागें बचत ३० रुपये, आणि यंत्राचे पैसे फिटण्यास ३२० पाव भाजले पाहिजेत. आठवड्यास दोन भाजले तर तीन वर्षांहून थोडा अधिक काळ. आणि उत्साह ओसरून पंधरवड्यास एकावर आलें तर बारा वर्षांवर. आम्हीं खालीं रेघ ओढून अभिप्राय लिहिला : "घेणें श्रेयस्कर नाहीं." रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांना तो हिशेब वाचून दाखविला. चिरंजिवांनीं माना डोलावल्या. धाकटी सूनबाई कांहीं बोलली नाहीं.

बोलली ती आमची सौ. ती ओट्यापाशीं उभी राहून दुसऱ्या दिवसाच्या कणकेसाठीं पीठ चाळीत होती. "अहो," ती म्हणाली, "तुमचा हिशेब बरोबरच असेल. पण त्यांत पीठ आहे, लोणी आहे, वीज आहे. हात कोठें आहेत?"

आम्हीं म्हटलें, "यंत्राला हात कसले?"

"यंत्राला नव्हे. माझे," ती म्हणाली, आणि पुन्हां चाळूं लागली.

आम्ही वही घेऊन खोलींत आलों. पण झोंप येईना. गेल्या दिवाळीपासून सौ.चें उजवें मनगट दुखत आहे. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, अंगठ्याच्या मुळाशीं असलेल्या स्नायुबंधास सूज आली आहे. पिळणें, मळणें बंद ठेवा. आम्हीं तें स्वतः ऐकलें, औषध आणलें, पट्टा आणला, आणि दुसऱ्या दिवशीं तिच्याच हातच्या मऊ पोळ्या जेवलों. थोरली सूनबाई बँकेंत जाते, धाकटी घरीं बसून संगणकावर कंपनीचें काम करते. दोघीही लाटण्या-भाजण्याला हात लावतात. पण कणीक सासूबाईंचीच चांगली होते, असें आम्ही सर्वांनीं इतकीं वर्षें कौतुकानें म्हटलें, आणि त्या कौतुकाच्या जोरावर तें काम तिच्याकडेच राहिलें.

मध्यरात्रीं उठून दुसरा हिशेब मांडला. दोन वेळची मिळून दीड किलो कणीक रोज. अर्धा तास तरी नुसतें मळण्याचा. वर्षाचे १८२ तास, चाळीस वर्षांचे ७,३०० तास. आठ तासांचा दिवस आणि तीनशें दिवसांचें वर्ष धरलें तर तीन वर्षांची पूर्ण नोकरी होते. आणि ती केवळ कणीक मळण्याची. लाटणें, भाजणें, भांडीं, निवडणें-टिपणें यांची गणतीच नाहीं. आमच्या वहींत दूधवाल्याचा रकाना आहे, गिरणीचा आहे, वर्तमानपत्रांच्या रद्दीचाही आहे. श्रमाचा रकाना कोठेंही नाहीं. ओसाकाच्या त्या पाववाल्याजवळ शिकण्यास एका मोठ्या कंपनीचें माणूस येऊन उभें राहिलें. आम्ही चाळीस वर्षें त्याच घरांत राहून हिच्याजवळ एकदांही उभे राहिलों नाहीं.

सकाळीं आम्हीं अभिप्राय खोडला व त्याऐवजीं लिहिलें : "महिनाभर अनुभव घेऊन ठरवावें." आमच्या एका पुतण्याच्या घरीं असलें यंत्र तीन वर्षें माळ्यावर पडून होतें, तें मागून आणलें. चैत्र महिना त्या प्रयोगांत गेला.

पहिला पाव गिरणींतून दळून आणलेल्या लोकवन गव्हाचा केला. तो विटेसारखा झाला. नातू म्हणाला, "आजोबा, हा फोडायला हातोडी आणूं का?" कारण शोधतां असें कळलें कीं, गव्हांत ग्लूटेन नांवाचें चिवट द्रव्य असतें, मळतांना त्याचें जाळें होतें आणि वायु त्या जाळ्यांत अडकून पाव फुगतो. आपल्या पिठांतील कोंडा तें जाळें जागोजाग तोडतो. शिवाय गिरणीच्या दगडांखालीं पिठाचे कण फुटतात, आणि असें पीठ पाणी अधिक पितें. विलायती कृतींत सांगितलेलें पाणी त्याला पुरत नाहीं. दुसऱ्या वेळीं अर्धा मैदा, अर्धें गव्हाचें पीठ आणि पाणी थोडें अधिक घातलें. पाव उत्तम झाला. खपली गव्हाचा मोह कोणी धरूं नये. त्याची खीर करावी, पाव करूं नये.

तिसरा पाव ऐन उन्हाच्या दुपारीं लावला. तो झांकणापर्यंत फुगला आणि भाजतांना मध्यें खचला. उष्णतेनें यीस्टचा जोर वाढतो. म्हणून उन्हाळ्यांत पाणी माठांतलें किंवा त्याहून गार घालावें आणि यीस्ट थोडें कमी करावें. चौथ्या वेळीं भाजणें चालू असतांना वीज गेली ती तासाभरानें आली. अशीं यंत्रें फारच थोडा वेळ कोठवर काम झालें तें ध्यानांत ठेवतात; नंतर सारें विसरून पहिल्यापासून आरंभ करूं पाहतात. तो अर्धा कच्चा पाव कढईंत कापे करून भाजला आणि खाल्ला. मास्तराच्या घरांत अन्न टाकीत नाहींत.

पांचव्या दिवशींची गोष्ट. यंत्रावर नुसतें मळून थांबण्याची एक कळ आहे, ती धाकट्या सुनेच्या दृष्टीस पडली. तिनें कोणास न विचारतां अर्धा किलो पीठ, पाणी, मीठ आणि चमचाभर तेल भांड्यांत घालून ती कळ दाबली. पंधरा मिनिटांनीं कणकेचा गोळा तयार. सौ.नें तो दाबून पाहिला. "जरा चिवट आहे," ती म्हणाली, "अर्धा तास झांकून ठेव, तेलाचा हात लाव, मग पाहूं." त्या दिवशींच्या पोळ्या कोणत्या कणकेच्या हें पुरुषमंडळींपैकीं एकालाही ओळखतां आलें नाहीं. आम्हांलाही नाहीं, आणि चाळीस वर्षें आम्ही त्या हाताची चव ओळखतों असें सांगत आलों होतों! सौ. हंसली, पण हंसतां हंसतां तिनें मनगट दुसऱ्या हातानें चोळलें, तें आम्हीं पाहिलें.

महिना संपल्यावर यंत्र परत करण्याची वेळ आली, तेव्हां पुतण्यास विचारून तें साडेतीन हजारांस ठेवून घेतलें. तो पैसे घेईना. आम्हीं बळेंच दिले. आतां सकाळीं दोन आणि संध्याकाळीं एक असे कणकेचे तीन घाणे त्यांत निघतात, कारण एका वेळीं अर्ध्या किलोहून अधिक पीठ त्याला पेलत नाहीं. पाव आठवड्यास एकच होतो. त्या मानानें पैसे फिटण्यास सव्वादोन वर्षें लागतील, असें जुना हिशेब सांगतो. नवा हिशेब असें सांगतो कीं, मोजणें-धुणें वजा जातां रोज वीस मिनिटें वांचतात, म्हणजे वर्षाचे सव्वाशें तास. ते किती रुपयांचे, हें सौ.ला विचारलें. ती म्हणाली, "तें तुम्हीच ठरवा, इतके दिवस तुम्हीच फुकट धरले होते." रकाना आंखला आहे, त्यांत तास लिहितों, रुपये अद्याप लिहिलेले नाहींत.

ज्या वाचकांपुढें हाच प्रश्न असेल त्यांना अनुभवानें चार गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, नवें यंत्र घेण्यापूर्वीं कोणाच्या तरी माळ्यावरचें मागून आणून महिनाभर वापरावें. दुसरी, केवळ पावासाठीं घ्यावयाचें तर आठवड्यास दोन तरी पाव खरोखर खाल्ले जातील काय, हें प्रामाणिकपणें ठरवावें. जाणार नसतील तर बेकरीचाच पाव आणून वेष्टन वाचीत जावें. मिसळीबरोबरचा लादीपाव, कडक ब्रून किंवा गोव्याचा उंडा यांची सर या पेटींतल्या पावाला यावयाची नाहीं. त्यांना भट्टीच पाहिजे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानें आमच्या यंत्राची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. रविवारीं आम्ही त्याच्याच दारांत असतों.

तिसरी गोष्ट परदेशस्थ आप्तांविषयींची. अमेरिकेंतील मुलगा किंवा पुतणी प्रेमानें असें यंत्र पाठवूं म्हणेल. पण तेथील वीज १२० व्होल्टची, जपानांतील १०० व्होल्टची, आणि आपली २३० व्होल्टची. तें यंत्र येथें तसेंच लावलें तर जळून जाईल. येथेंच घ्यावें, आणि पातें व भांडें सुटें मिळतें काय हें आधीं विचारावें. कारण पहिल्यानें झिजतें तें पातें आणि भांड्याचा लेप.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्र घरांत येण्यापूर्वीं तें कोण भरणार आणि कोण धुणार, हें सर्वांदेखत ठरवावें. नाहींपेक्षां जुनें काम तसेंच राहतें आणि वर यंत्र पुसण्याचें नवें काम त्याच बाईच्या गळ्यांत पडतें. आमच्या घरीं रात्रीचें धुणें थोरल्या चिरंजिवांकडे गेलें आहे. पहाटे साडेपांचाला उठून पीठ-पाणी मोजून घालण्याचें काम आम्हीं घेतलें आहे. परवां पाणी अधिक पडलें आणि कणकेचा चिखल झाला. सौ.नें येऊन पाहिलें, वर दोन मुठी पीठ टाकलें आणि म्हणाली, "मोजमाप पुरे झालें, आतां बोटानें दाबून पाहायला शिका." तेव्हां सध्यां आमची उमेदवारी चालू आहे.

ज्या घरांतून असा दुसरा हिशेब कोणी मांडला असेल, त्यांनीं तो आम्हांकडे अवश्य पाठवावा.